एकेचाळीस दिवसांची माफी

आमचे साहेब ओत्ताव्हिओ ब्रांदिमार्ते प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या रोक्कासेल्वा गावातल्या चर्चच्या घंटा दीड तास वाजत होत्या. त्या वाजवायला मीच सांगितलं होतं. रोमहून पाद्रीबाबांना फोन केला आणि म्हणालो, "वाजवा, आपला माणूस बसला." गावच्या जमीनदाराच्या, बॅरनच्या तळघरातून वाइनची दोन पिंपं चौकात आली म्हणे, आणि जे साहेबांना एरवी शिव्या द्यायचे तेही पेला घेऊन रांगेत उभे राहिले. माझ्या वहिनीनं, इन्कोरोनातानं, पेटीतली लग्नातली चादर काढली आणि उन्हात टाकली. दादा येणार म्हणून. त्या दिवशी दादाच्या तुरुंगवासाला सतरावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता.

आमच्या घरात साल कधी सांगत नसत. दादाचं तिसरं वर्ष, दादाचं नववं वर्ष, असंच चालायचं. साहेबांची सगळी कारकीर्द मला त्याच हिशेबानं पाठ आहे. वर्तमानपत्रांत ती वेगळी छापून आली आहे, सनावळीसकट, फोटोंसकट. ती ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी. मी त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयाचा चिटणीस होतो, चोवीस वर्षं. माझ्याइतकी त्यांची खुर्ची कुणी पुसली नसेल.

सुरुवात बॅरनच्या माळावर झाली. लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती, गावात माणसं जास्त आणि जमीन नाही, आणि बॅरनचा माळ नुसता गवत खात पडलेला. वसंतात एके सकाळी आम्ही कुदळी घेऊन निघालो. बायका भाकरीची गाठोडी घेऊन मागे. फाटकाशी सबातिनो उभा होता, बॅरनचा राखणदार. तो आमच्यातलाच, अर्मिदाचा नवरा. दोन्ही हात वर करून तो आम्हाला म्हणत होता, "अरे बाबांनो, आज नको. आज मुलगा प्यायलाय." मुलगा म्हणजे बॅरनचा फुल्व्हिओ. तो गच्चीत शिकारीची बंदूक घेऊन उभा होता. एकच बार झाला. सबातिनो आमच्याकडे तोंड करून उभा होता, तो आमच्याच पुढ्यात तोंडावर पडला.

दादाच्या खांद्यालाही बंदूक होती. ससे मारायची. तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी अकरा जण उचलले. दादा अठ्ठावीस वर्षांचा होता, मी एकोणीस.

आमचं वकीलपत्र ब्रांदिमार्ते साहेबांनी फुकट घेतलं. तेव्हा ते पस्तिशीचे असतील, स्वच्छ कॉलर, मऊ आवाज, आणि दोन महिन्यांवर त्यांची पहिली निवडणूक. कोठडीत येऊन ते दादाच्या शेजारी ओल्या दगडावर बसले. चांगल्या विजारीची पर्वा केली नाही, हे मला तेव्हा फार भावलं होतं.

"दोनातो," ते म्हणाले, "तुम्ही अकराच्या अकरा जण सांगताय की गोळी गच्चीवरून आली. मान्य. पण न्यायाधीश रविवारी कुणाकडे जेवतो, ते तुला ठाऊक आहे ना?"

"बॅरनकडे," दादा म्हणाला.

"मग अकराही जण अडकता. त्यापेक्षा एकानं कबूल करायचं. झटापट झाली, चाप ओढला गेला, चुकून. तीन वर्षं, फार तर चार. तोवर मी खासदार असेन. बाकीचे दहा उद्या घरी."

दादानं माझ्याकडे बोट केलं. "हा पण घरी?"

"हा सगळ्यात आधी."

दादानं सही केली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, वहिनीनं मला शेंगांचं सूप वाढलं, आणि मी ते दोनदा मागून खाल्लं. भूक लागली होती.

कोर्टाला ती चूक वाटलीच नाही. तीस वर्षं ठोठावली. साहेब कोर्टात रडले, खरोखर रुमाल भिजला. त्यांचं भाषण जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात पानभर आलं. गरिबांना ते आवडलं, कारण वकिलानं गरिबाची बाजू फुकट मांडली. बॅरनलाही आवडलं, कारण पानभर भाषणात गच्चीचं नाव नव्हतं. बॅरनची सगळी कुळं आणि आमचं सगळं गाव, दोघांनीही साहेबांना मत दिलं. असं यश आमच्या डोंगरात त्याआधी कुणाला मिळालं नव्हतं. महिनाभरात त्यांनी मला बोलावून कार्यालयाची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "दोनातोच्या घरात एक पगार तरी जायला हवा."

मी किल्ली घेतली. लिहिता-वाचता येणारे गावात आम्ही पाच-सहाच होतो.

मग साहेबांच्या चढत्या पायऱ्या सुरू झाल्या. दादाच्या तिसऱ्या वर्षी मी विषय काढला, तर साहेब म्हणाले, "आत्ताच तर आलोय रे, मला तिथे अजून शिपाई ओळखत नाहीत." सहाव्या वर्षी ते न्यायखात्याचे उपमंत्री झाले. मला वाटलं, झालंच काम. धावत रोमला गेलो. साहेब दार लावून म्हणाले, "न्यायखात्यात बसून मी माझ्याच जुन्या अशिलाला सोडवू? एलिजिओ, तुला मला बुडवायचंय का?" नवव्या वर्षी ते बांधकाममंत्री झाले. गावात डांबरी रस्ता आला, बॅरनच्या फाटकापर्यंत गुळगुळीत आणि पुढे आमच्या वस्तीत खडी. त्याच सुमाराला देशभर कैद्यांना सूट मिळाली, आल्प्सपासून सिसिलीपर्यंत प्रत्येक चोराची शिक्षा कमी झाली, दादाचीही सहा वर्षं कमी झाली. साहेब चौकात येऊन म्हणाले, "दोनातोची सहा वर्षं मी कापली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मी तर व्यासपीठावर होतो.

तेराव्या वर्षी सभापती झाले. "सभापतीचे हात बांधलेले असतात," म्हणाले. जसजसे ते वर गेले तसतसे त्यांचे हात जास्तच बांधले जात होते. माझ्या भावाचे मात्र तुरुंगात मोकळे होते, तो तिथे टोपल्या विणायचा.

दादा बेटावरच्या तुरुंगात होता. वर्षातून दोनदा मी आणि वहिनी बोटीनं जायचो. पंधराव्या वर्षी तिथल्या अधिकाऱ्यांनीच त्याला सांगितलं होतं की वागणूक चांगली आहे, पश्चात्ताप झाल्याचा कागद लिहून दे, अटींवर सोडू. मी त्याला समजवायला गेलो.

"चार ओळी आहेत, दादा. मी लिहून आणल्यात. खाली सही कर."

"कशाचा पश्चात्ताप?"

"लिहायचं म्हणून लिहायचं रे. कोण वाचतंय?"

"एकदा वकिलानं सांगितलं म्हणून खोटं बोललो," तो म्हणाला. "तेव्हा त्यातून दहा माणसं सुटली. आता बोललो तर एकच सुटतो, आणि तो मी. नाही लिहिणार."

वहिनी जाळीच्या अलीकडून म्हणाली, "आणि माझं काय?" दादानं मान खाली घातली. तिनं परत विचारलं नाही. बोटीत ती मला म्हणाली, "भावजी, तुमच्या साहेबांनाच हात जोडा आता. ह्या माणसाचं डोकं दगडाचं आहे."

आणि सतराव्या वर्षी खुद्द साहेबच राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. म्हणजे उभे राहिले असं नाही. तिथे कुणी उभं राहत नाही, सगळे बसून असतात आणि कुणीतरी आपल्याला उठवेल म्हणून वाट पाहतात. हजाराच्या आसपास मतदार, खासदार आणि प्रांतांचे प्रतिनिधी, मतदान गुप्त. एक-एक नाव पुकारलं जातं, माणूस जाऊन चिठ्ठी टाकतो, आणि मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जातात. आपल्याच पक्षाच्या मोठ्या माणसाला सकाळी मिठी मारायची आणि दुपारी त्याच्या नावाऐवजी कोरी चिठ्ठी टाकायची, हा तिथला रिवाज. मी गॅलरीत बसून बारा फेऱ्या बघितल्या. पक्षाचे दोन दिग्गज असे आपल्याच माणसांनी आडवे केले. त्यांना शत्रू होते, कारण त्यांनी कुणासाठी तरी काहीतरी केलं होतं.

तेराव्या फेरीआधी साहेबांचं नाव निघालं. ते कुणाला नको नव्हते. सतरा वर्षांत त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं आणि कुणाचं काम केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कुणाला काही आठवेना. सोळाव्या फेरीच्या सकाळी मी त्यांच्या हॉटेलात गेलो. पोट बिघडलं होतं म्हणून ते भाताची पेज पीत बसले होते. गळ्यात नॅपकिन, डोळे सुजलेले.

"साहेब," मी म्हणालो, "माफीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा असतो."

"मला कायदा शिकवतोस?"

"नाही साहेब. दादाचं सतरावं चालू आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. माझा हात हातात घेतला. हात गरम होता, तापासारखा. म्हणाले, "एलिजिओ, मी आईची शपथ घेतो. आज बसलो तर पहिली सही दोनातोची."

त्या दिवशी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही मला वाटतं की त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

अर्ज मी लिहिला. कैद्यानं स्वतः केला नाही तर बायको करू शकते. वहिनीनं तीनदा सराव करून सही केली. आता एकच अडसर होता. मेलेल्याच्या घरच्यांना विचारावं लागतं की तुम्ही ह्याला क्षमा करता का. कायद्याच्या पुस्तकात ते ठळक नसेल, पण रिवाज तसा आहे, आणि त्याच्यावाचून कागद वर जात नाही. पोलीस ठाण्याचा फौजदार घरी जातो, विचारतो, उत्तर लिहून घेतो.

अर्मिदा आणि वहिनी सतरा वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं. एकीचा नवरा मातीत आणि दुसरीचा त्यासाठी तुरुंगात, तर बोलणार काय? पाणवठ्यावर एक आली की दुसरी घागर भरून निघायची. दोघी काळ्या कपड्यांत. परका माणूस आला तर त्याला वाटायचं दोघी विधवा बहिणी आहेत.

फौजदार कुओमो अर्मिदाकडे जाऊन आला तो थेट माझ्या कार्यालयात. टोपी काढून घाम पुसायला लागला.

"ती बाई ऐकत नाही हो."

"क्षमा नाही करत?"

"क्षमा करा म्हटलं तर मला म्हणते, 'दोनातोला कसली क्षमा करू? त्यानं मारलं नाही. मी माझ्या माणसाला आंघोळ घातली, भोक पाठीत होतं. दोनातो त्याच्या समोर होता. गोळी गच्चीवरून आली. लिहा.' मी म्हटलं, बाई, ह्या कागदावर 'हो' आणि 'नाही' एवढ्याच दोन जागा आहेत. तर म्हणते, 'मग कागद लहान आहे, मोठा आणा.'"

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"कोराच आणलाय. तुम्ही रोमला विचारा."

मी रोमला विचारलं. हे मी आज सांगतो आहे, तेव्हा नीट सांगतो. मी साहेबांना सगळं शब्दन् शब्द सांगितलं, आणि माझ्या आवाजात आनंद होता. मला वाटलं, सबातिनोची बायकोच म्हणते आहे, आता कोण अडवणार?

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "हे कागदावर आलं की माफीचा अर्ज राहत नाही तो. खटला परत उघडतो. फुल्व्हिओ आज पक्षाचा जिल्हाध्यक्ष आहे, ते सोड. कबुलीजबाब खोटा, म्हणजे तो द्यायला लावणारा वकील कोण? तो वकील आज कुठे बसलाय, एलिजिओ?"

"मग 'हो' लिहू का साहेब? क्षमा केली म्हणून?"

"'हो' लिहिलंस तर तो सुटतो. राष्ट्राध्यक्षांची पहिली माफी म्हणून वार्ताहर त्या बाईच्या दारात जातात, आणि ती त्यांना हेच सांगते. 'नाही' लिही. वर्षभर जाऊ दे. ती थंड होईल, मग परत विचारू. आणि त्या दहा जणांत तूही होतास, विसरू नकोस. खटला उघडला तर तुझाही उघडतो."

फोन ठेवल्यावर कुओमो माझ्याकडे बघत होता. मी कागद टाइपरायटरवर चढवला आणि लिहिलं: मृताच्या पत्नीने क्षमा करण्यास नकार दिला. कुओमोनं सही केली, टोपी घातली, आणि जाताना मला म्हणाला, "बरं झालं तुमचं टाइपिंग स्वच्छ आहे." माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मी घाबरलो, हे खरं. पण किल्ली परत द्यावी लागेल हीसुद्धा भीती होती, आणि ती पहिल्या भीतीपेक्षा लहान नव्हती.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. ती दारातच उभी होती.

"काय म्हणाली अर्मिदा?"

"नाही म्हणाली."

वहिनी खुर्चीवर बसली. उन्हातून आणलेली चादर घडी करून मांडीवर होती. "नाही?" ती म्हणाली. "सतरा वर्षं झाली, पोरं नाहीत बाळं नाहीत माझी, आणि ही नाही म्हणते? एवढं काय खुपतंय तिला?"

मी म्हणालो, "तिचा माणूस गेलाय वहिनी." माझ्या तोंडून हे वाक्य कसं निघालं, मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर पाणवठ्यावर वहिनी बाजूला होईना. अर्मिदा आली की ती घागर वाटेत ठेवायची. चर्चमध्ये तिच्यामागे बसायची आणि तिच्या प्रार्थनेच्या वेळी खोकायची. एकदा भर बाजारात तिच्या पायाशी थुंकली. अर्मिदा निघून गेली. तिला वाटत असणार, इन्कोरोनाताचं डोकं फिरलं, बिचारीचा नवरा इतकी वर्षं आत आहे. मी दर रविवारी वहिनीकडे जेवायचो, आणि ती मला पहिलं ताट वाढून अर्मिदाला शिव्या द्यायची. "जेवा भावजी. तुम्ही तरी किती धावपळ करायची?" मी जेवायचो.

एका वर्षाची दोन झाली, दोनाची सात झाली. 'परत विचारू' म्हणाले होते, त्याची आठवण द्यायला मी अठराव्या वर्षी गेलो, एकोणिसाव्या वर्षी गेलो. राष्ट्राध्यक्षांच्या महालात साहेब मला भेटायचे, आरशांमध्ये त्यांचे चार-चार चेहरे दिसायचे आणि चारही थकलेले. विसाव्या वर्षी त्यांच्या सचिवानं मला बाहेरूनच परत पाठवलं. साहेबांनी सात वर्षांत काय केलं म्हणाल तर फिती कापल्या, सरकारं पडली की परत त्याच माणसांना शपथ दिली, नववर्षाला रेडिओवर शांततेबद्दल बोलले. शेवटच्या वर्षी वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपायला सुरुवात केली. मऊ माणूस, पोकळ माणूस, सात वर्षं खुर्ची ऊबदार ठेवली, एवढंच. ते साहेबांना झोंबलं. जाताजाता लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं अशी त्यांना घाई झाली.

त्याच हिवाळ्यात फुल्व्हिओ काविळीनं मेला. दोन आठवड्यांत महालातून फोन आला. साहेबांचा आवाज परत कोठडीतल्यासारखा मऊ होता. "एलिजिओ, दोनातोचा कागद काढ. मी निरोपाला गावी येतोय. चौकात, सगळ्यांसमोर, त्याला मी स्वतः घरी आणणार."

मी कॅलेंडरकडे बघितलं. "साहेब, त्याची शिक्षाच संपत आलीय. चोवीस वर्षं एप्रिलमध्ये पुरी होतात. तुम्ही येताय तेव्हा एकेचाळीस दिवस उरतील."

"एक दिवस उरला असता तरी माफी ती माफीच," साहेब म्हणाले.

फौजदार आता नवा होता, उत्तरेकडचा, तरुण, नियमानं चालणारा. तो अर्मिदाकडे गेला. तिनं तेच सांगितलं, शब्दन् शब्द. ह्या वेळी वरूनच हुकूम होता, त्यामुळे त्यानं 'हो' लिहिलं. पण जुनी फाइल बघून त्याला नवल वाटलं, आणि वाटेत वहिनी भेटली तेव्हा सरळ मनानं तो तिला म्हणाला, "तुमची ती शेजारीण गंमतच आहे. मागे हेच बोलली तर 'नाही' लिहिलंय, आता हेच बोलली तर मला 'हो' लिहायला लावलं."

वहिनी तशीच अर्मिदाच्या दारात गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. दुपारभर ती आत होती. मग ती माझ्या कार्यालयात आली, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. टाइपरायटरवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्याच्यावर लिहिलंत?"

"वहिनी, साहेबांनी सांगितलं..."

"साहेब रोमला होते. इथे कोण होतं?"

मी टेबलावरची किल्ली खिशात घातली.

"सात वर्षं मी त्या बाईच्या पायावर थुंकले, भावजी. ती माझ्या माणसासाठी खरं बोलत होती, आणि मी तिच्यावर थुंकले. आणि रविवारी तुम्ही माझ्या हातचं जेवून, ताट पावानं पुसून, वर म्हणायचात, मीठ छान पडलंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "आता येऊ नका जेवायला."

साहेब आले त्या दिवशी चौकात ध्वज, बँड, पाद्रीबाबा, रोमचे फोटोग्राफर, सगळं जमलं. माफीचा हुकूम सकाळीच बेटावर पोचला होता. साहेबांनी दादाला आणायला आपली काळी गाडी बंदरावर पाठवली होती, म्हणजे गाडीतून उतरून दादा थेट त्यांच्या मिठीत येणार. वहिनी आली नव्हती. व्यासपीठाखाली, पहिल्या रांगेत, तिची खुर्ची रिकामी होती.

गाडी आली. बँड सुरू झाला. ड्रायव्हर उतरला, मागचं दार उघडलं, आणि आत कुणी नव्हतं. बँडवाले वाजवतच राहिले, त्यांना कुणी थांबवेना. ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "येत नाही म्हणाला. तुरुंगातून बाहेर काढला त्याला, माफी नाकारता येत नाही म्हणे. तर बंदरावर टोपलीवाल्याच्या ओट्यावर बसलाय. म्हणाला, साहेबांना सांग, माझे एकेचाळीस दिवस बाकी आहेत, ते मी माझे मी पुरे करतो, आणि मग घरी जातो."

मी ते साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर म्हाताऱ्याचा झाला, खरा म्हातारा. मला वाटलं, ते आता खाली बसतील. पण फोटोग्राफर पुढे सरकले, कुणीतरी ओरडलं, "कुठाय तो?", आणि साहेबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"तू भाऊच ना त्याचा," ते हळूच म्हणाले. "चेहराही तसाच आहे. ये इकडे."

"साहेब, मी..."

"ये म्हणतो ना."

त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या कोटाला लॅव्हेंडरचा वास होता. दिवे चमकले. गावाला कळत होतं की हा दोनातो नव्हे, एलिजिओ, कार्यालयातला, पण राष्ट्राध्यक्ष मिठी मारताहेत म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना ढकललं नाही. ढकलायला फक्त दोन हात लागतात, आणि माझे दोन्ही मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी रोमच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तो फोटो आला. खाली छापलं होतं: माफी मिळालेला कैदी दोनातो पेत्राक्का राष्ट्राध्यक्षांच्या मिठीत. मी सुधारणा कळवायला पत्र लिहिलं. साहेबांच्या कार्यालयानं ते पाठवू नये असं सुचवलं, आणि मी पाठवलं नाही. साहेब दोन आठवड्यांनी निवृत्त झाले, तहहयात सेनेटर झाले. त्यांच्यावर अग्रलेख आले, त्यांत दयाळू हा शब्द पुष्कळदा होता.

वहिनी त्याच आठवड्यात बसनं बंदराला निघून गेली, पेटीतली चादर बरोबर घेऊन. कोळ्यांच्या वस्तीत दोघांनी खोली घेतली. दादा सकाळी टोपल्या विणायचा आणि संध्याकाळी तुरुंगातल्या कोंडायच्या ठरल्या वेळी खोलीत जाऊन बसायचा, असं तिकडून आलेला मासेवाला सांगत होता.

एकेचाळीस दिवस पुरे झाले, त्या दिवशी मी बसथांब्यावर गेलो. दुपारची बस. अर्मिदा आधीच येऊन उभी होती, झाकलेली परडी हातात घेऊन. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बस आली, वहिनी उतरली, तिच्यामागे दादा. केस सगळे पांढरे, पाठ मात्र ताठ. अर्मिदानं परडी खाली ठेवली आणि त्याचे दोन्ही हात धरले. तिघं तशीच थांब्यावर उभी होती. ड्रायव्हरही थांबून राहिला होता.

मी पुढे झालो. "दादा."

तो वळला. चोवीस वर्षं मी जाळीतून बघितलेला चेहरा जाळीशिवाय माझ्यासमोर होता. तो रागावलेला नव्हता. त्यानं कोटाच्या खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं, माझ्या हातात दिलं, आणि माझ्या गालावर एकदा हात ठेवला, मी एकोणीस वर्षांचा असताना ठेवायचा तसा.

"वाचलं मी," तो म्हणाला. "तुला माफी मिळाली म्हणे. बरं झालं. आमच्याकडून मागायची वेळ नाही आली तुझ्यावर."

मग त्यानं अर्मिदाची परडी उचलली, आणि तिघं वस्तीच्या खडीच्या रस्त्यानं चढून गेली.